लोखंडाचं विरजण

हेमलता चौगुले यांनी आपली जुनी हेराल्ड गाडी परत घेतली तेव्हा तिच्या तळातून गवत वर आलं होतं.

वेंगुर्ल्यात एका बंद पडलेल्या काजूच्या कारखान्यामागे ती उभी होती. वर झावळ्यांचं छप्पर, बाजूला जांभळाचं झाड, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. दोन तपं खाऱ्या वाऱ्यानं तिला सावकाश चाटून खाल्लं होतं. हेमलताबाईंनी डावं दार उघडायला हात लावला, तर दाराचा खालचा काठ बिस्किटासारखा मोडून हातात आला.

कारखानदाराचा मुलगा ओशाळला. "काकू, खरंच न्यायची आहे? भंगारवालासुद्धा नुसता बघून गेला."

"न्यायची आहे. हा तुकडा पिशवीत घाला. आणि एक केरसुणी आणा. खाली पडलेला गंज झाडून पोत्यात भरायचा आहे."

"गंज?"

"सगळा. माती आली तरी चालेल, गंज राहायला नको."

मुलाला वाटलं, बाईंचं वय झालं. वय झालंच होतं, बासष्ट. पण हिशेब पक्का होता.

ती एकोणीसशे एकोणसत्तर सालची चार दारांची स्टँडर्ड हेराल्ड. सव्विसाव्या वर्षी हेमलताबाईंनी ती कोल्हापुरात जुनी म्हणून घेतली आणि तिच्यावर बायकांना गाडी शिकवायला सुरुवात केली. क्लच असा जड की पहिल्या आठवड्यात पोटऱ्या भरून यायच्या. पण वळायची मात्र रिक्षासारखी, मंगळवार पेठेच्या बोळात एका दमात. हेराल्डवर शिकली ती रणगाडाही चालवेल, असं तेव्हा गावात म्हणत. पुढे शिकवणीच्या गाड्यांना वयाची अट लागली आणि हेराल्ड विकावी लागली. त्यानंतर गाड्या आपल्या आपण चालू लागल्या, आणि शिकवणंच संपलं.

गेल्या श्रावणात करूळच्या घाटात दरड कोसळली आणि रस्त्याकडेची सगळी संदेशयंत्रणा तिच्याखाली गेली. बिनड्रायव्हरच्या गाड्या जिथल्या तिथे थांबल्या. त्यांत एक रुग्णवाहिका होती. आतल्या चौघांपैकी कुणाला ती हातानं चालवता येत नव्हती, आणि येत असती तरी तिला स्टिअरिंगच नव्हतं. आत बाळंतपणासाठी निघालेली एक बाई होती. ती घाटातच गेली.

त्यानंतर जिल्ह्यानं ठरवलं की घाटातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राला हातानं चालवायचं एक वाहन द्यायचं. वाहनं मिळाली. ती चालवायची कुणी, हा प्रश्न राहिला. शिकवायला गाडी अशी हवी की जिच्यात एकही संगणक नाही, आणि अशी जुनी गाडी रस्त्यावर आणायला एकच सोपी वाट होती, 'वारसा' परवाना. त्याची अट सरळ होती. गाडीतलं तीन चतुर्थांश लोखंड मूळचं पाहिजे. मुदत दसऱ्यानंतरच्या सोमवारपर्यंत. पुढे ती वाट कायमची बंद.

*

"बाई, ह्यात गाडी कुठाय?" दस्तगीर शिकलगार यांनी ताडपत्री उचलून पोत्यात डोकावत विचारलं. "ही तर गाडीची रांगोळी हाय."

दस्तगीरभाईंचं गॅरेज कोल्हापूरच्या उद्यमनगरात होतं. हेराल्डचं इंजिन पूर्वी दोनदा त्यांनीच उतरवलं होतं.

"रांगोळी असली तरी तिचीच आहे," हेमलताबाई म्हणाल्या. "परवान्याच्या हिशेबात गंज हेही मूळ लोखंडच."

"आन् ते परत उभं कोण करणार?"

"तुमचं विरजण."

लोखंड गंजतं तेव्हा नाहीसं होत नाही. हवेतला ऑक्सिजन त्याचे इलेक्ट्रॉन काढून घेतो, आणि लोखंड ऑक्सिजनला धरून भुगा होऊन पडतं. नदीतळाच्या चिखलात, जिथे हवा पोचत नाही, तिथले काही जीवाणू माणूस जन्मायच्या आधीपासून या भुग्यावर श्वास घेत आले आहेत. आपण अन्नातले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देतो, ते गंजाला देतात. शास्त्रज्ञांनी या जीवाणूंत एक नवा गुण घातला. गंजातून सुटलेलं लोखंड पाण्याबरोबर जाऊ द्यायचं नाही, शेजारच्या धड लोखंडावर कण कण करून बसवायचं. पडक्या भिंतीच्या विटा उचलून त्याच भिंतीत परत रचणारा गवंडी असावा तसं. मजुरी म्हणून या गवंड्याला साखर लागे.

काम करण्याची पद्धत कुणालाही जमेल अशी होती. गाडी गोणपाटात गुंडाळायची. गंजाचा भुगा मातीच्या लगद्यात कालवून भोकं पडलेल्या जागी थापायचा. पातळ केलेल्या काकवीत जीवाणू सोडून ते पाणी वरून ठिबकवायचं, खाली ट्रेमध्ये जमलं की पंपानं पुन्हा वर. हवा लागू नये म्हणून सगळ्यावर प्लास्टिक. काही आठवड्यांत तांबडा गंज काळा पडे, मग करडा, आणि एके दिवशी त्याला धातूची चमक येई.

हे जीवाणू बनवणारं एक सरकारी केंद्र होतं; त्याच्याकडून मिळणाऱ्या पुडीतले जीवाणू मुद्दाम अल्पायुषी बनवलेले होते. ठराविक पिढ्या झाल्या की ते मरत. उरलेलं वापरू नये, दुसऱ्याला देऊ नये, असं पुडीवर ठळक छापलेलं असे. पण लोकांनी त्याला विरजण म्हटलं आणि विरजणासारखंच वागवलं. दह्याचं विरजण शेजारून मागून आणणाऱ्या मुलखात उरलेलं फेकून द्या हे कोण ऐकणार? लोक थोडं मागे ठेवत, पुढच्या कामाला लावत, पाहुण्याला डब्यातून देत. बहुतेक भांड्यांतलं मरे. एखाद्यातलं जगे, आणि जे जगे तेच पुढे जाई.

"माझं पाच वर्षांचं हाय," दस्तगीरभाई म्हणाले. "संपलं की मिरजेच्या चुलतभावाकडनंच आणतो. एकदा पण दगा न्हाई. पण बाई, तुम्ही नियमाच्या माणूस. पुडी मागवूया का?"

"पुडीला दोन महिने लागतात. दसऱ्याला तीन आहेत." हेमलताबाईंनी पोत्याची दोरी सोडली. "तुमच्या भांड्यातलं द्या."

*

काकवी येत होती हेमलताबाईंच्या धाकट्या भावाकडून. सुकुमारचं शिये गावच्या मळ्यात गुऱ्हाळ होतं. भाद्रपदात तो कॅन घेऊन गॅरेजवर आला आणि प्लास्टिक बाजूला करून बघतच राहिला. हेराल्डचं बॉनेट, जे वेंगुर्ल्याहून चाळणी होऊन आलं होतं, ते सलग झालं होतं. हात फिरवला तर कुठे सांधा लागत नव्हता.

"अक्का, मेलेलं उठवलंस की."

"अजून बसतं झालंय. उठायचं आहे."

"एवढ्या खटपटीत चार म्हशी सांभाळल्या असत्यास, तर घरचं दूध तरी झालं असतं."

"म्हशीवर बसून घाट कोण चढणार? तू?"

दस्तगीरभाई खदखदून हसले. तेवढ्यात गगनबावड्याच्या आरोग्य केंद्रातली नर्स रत्नमाला कांबळे आत आली. ती कोल्हापुरात आली की गॅरेजवर चक्कर मारल्याशिवाय जात नसे. घाटातल्या त्या रुग्णवाहिकेत ती होती. त्याबद्दल ती बोलत नसे. प्रत्येक वेळी एकच विचारी.

"मॅडम, आमची बॅच कधी?"

"दसरा झाला की. आधी पोटऱ्या तयार करा, रोज पायऱ्या चढा."

"आमच्याकडं सगळ्या पायऱ्याच आहेत, मॅडम. सपाट तुमच्याकडं."

ती गेल्यावर सुकुमारनं हळूच विषय काढला. "अक्का, माझ्या यारीला पण गंज धरलाय. हंगामाच्या आत जरा बरी झाली तर बघायचं होतं. थोडं विरजण देतीस?"

गुऱ्हाळात रस आटला की उकळती काहील, म्हणजे रसाची अवाढव्य कढई, चुलवणावरून उचलून शेजारच्या वाफ्यात, गूळ निवायच्या उथळ हौदात, ओतावी लागते. भरलेली काहील माणसांच्यानं हलत नाही. ती उचलणारी लोखंडी यारी म्हणजे एक जाड पाइपाचा खांब, त्यावर फिरणारा आडवा हात, आणि खाली साखळदंड.

हेमलताबाईंनी डबा भरून दिला. भावानं विरजण मागितलं आणि बहिणीनं दिलं, यात विचार करण्यासारखं त्यांना काही वाटलं नाही.

*

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी हेराल्ड गोणपाटातून बाहेर काढून धुतली. ऊन तिच्या अंगावर पडलं आणि गॅरेजमधलं काम थांबलं. रंग नव्हता, नुसतं करडं लोखंड, पण रेषा सगळ्या जागच्या जागी. दस्तगीरभाईंनी डावं दार लावायला घेतलं. ते चौकटीत बसेना.

"बाई, गाडी अंगानं भरली! दार बसत न्हाई." ते हसत होते. "माहेरपण मानवलं तिला."

हेमलताबाई हसल्या नाहीत. "जाडी मोजा."

दस्तगीरभाईंनी मोजपट्टी लावली. "दीड मिलिमीटर."

"मूळचा पत्रा?"

"एकाच्या आतला. म्हंजे झ्याक की! पहिल्यापरीस मजबूत."

"दस्तगीरभाई, आपण यात लोखंड किती घातलं? वेंगुर्ल्याहून झाडून आणलं तेवढंच ना? त्यातलंही थोडं वाया गेलं असणार. मग हे जास्तीचं आलं कुठून?"

दस्तगीरभाईंचं हसू ओसरलं. ते गाडीकडे आणि मग कोपऱ्यातल्या कॅनकडे बघत राहिले. "ह्या महिन्यात काकवी पण कमी लागली," ते सावकाश म्हणाले. "मला वाटलं, विरजण मुरलं."

"मुरलं नाही. दुसरीकडून मजुरी घ्यायला लागलं."

हेराल्डचं वरचं अंग खाली एका वेगळ्या सांगाड्यावर बोल्टांनी बसवलेलं असतं. मधून दोन पोलादी तुळया जातात, पाठीच्या कण्यासारख्या. सगळं वजन त्यांच्यावर. वेंगुर्ल्यात काळ्या ऑइलच्या थरामुळे त्या जवळजवळ धड राहिल्या होत्या. दस्तगीरभाई गाडीखाली सरकले आणि त्यांनी डाव्या तुळईवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकलं. आवाज पोकळ आला. त्यांनी स्क्रूड्रायव्हर उलटा धरून टोक टेकवलं, जरा दाबलं. ते भाकरीत बोट जावं तसं आत गेलं.

त्यांनी उजव्या तुळईवरही ठोकलं; तिथूनही तोच आवाज आला.

जे घडलं होतं ते हेमलताबाईंना तिथे उभ्या उभ्या कळलं. हातोहात फिरणारं विरजण कुठल्या तरी घरी उपाशी राहिलं असणार. कुणी गावाला गेलं असेल, कुणाची काकवी संपली असेल. साखरेवर जगणारे बहुतेक जीवाणू तेव्हा मेले. जे थोडे उरले, ते धड लोखंडातूनच इलेक्ट्रॉन काढून घ्यायला शिकलेले होते. असं लोखंड पाण्यात विरघळतं. तेच पाणी पंपानं वर जात होतं आणि ते लोखंड वर बसत होतं. गवंडी पायाच्या विटा काढून गच्चीचा कठडा उंच करत होता, आणि बघणारे कठड्याचं कौतुक करत होते.

दस्तगीरभाई बाहेर आले. हात पुसत पुसत त्यांनी गॅरेजचं दार अर्धं ओढून घेतलं.

"बाई, ऐका. सोमवारी तपासणीवाले लोखंड मूळचं हाय का तेवढं बघत्यात. वजन घालून बघत न्हाईत. तुळईच्या आत मी पोलादी नळी सरकवतो. बाहेरनं काही दिसणार न्हाई. परवाना हातात पडू दे, मग काय कळवायचं ते कळवू."

"आणि आज कळवलं तर?"

"आज कळवलं तर केंद्राची माणसं येऊन गाडीला सील ठोकतील. माझ्या गॅरेजला पण. सोमवार गेला मग."

हेमलताबाईंनी हेराल्डच्या टपावर हात ठेवला. ऊन खाऊन तो तापला होता. "उद्या खंडेनवमी. सुकुमार चुलवण पेटवणार आहे."

दस्तगीरभाईंना यारी आठवली. ते स्टुलावर बसले.

"मग भावाला सांगा," ते म्हणाले. "घरातल्या घरात. सरकारला कशाला?"

"तुमच्या चुलतभावानं आणखी कुणाला दिलं?"

"आता काय सांगू. मिरजेत निम्म्या वर्कशॉपांत असंल."

"त्या निम्म्या वर्कशॉपांत काय काय टांगलेलं आहे, तुम्हाला माहीत आहे? मला नाही."

हेमलताबाईंनी फोन काढला आणि केंद्राचा नंबर लावला. स्वतःचं नाव, गॅरेजचा पत्ता, गाडी, विरजण कुणाकडून घेतलं आणि कुणाला दिलं, हे त्यांनी सलग सांगितलं. पलीकडच्या माणसानं विचारलं, पुडी का वापरली नाही?

"मला घाई होती," त्या म्हणाल्या. "गॅरेजवाले पुडी मागवू म्हणत होते. नको मी म्हणाले. तसं लिहून घ्या."

*

सुकुमार फोनवर ऐकेना. "अक्का, तुझी गाडी बिघडली म्हणून माझी यारी बिघडली व्हय? चकाकतीय नुसती. तू ये, बघ, जेवून जा."

हेमलताबाई बिनड्रायव्हरच्या गाडीतून शियेला गेल्या. दिवस मावळायला अवकाश होता. गुऱ्हाळात उद्याची तयारी चालली होती. चिपाडाचे ढीग लागले होते, काहील घासून लख्ख केली होती, आणि तिच्यावर यारी उभी होती. खांबाला झेंडूची माळ आजच घातली होती. लोखंड खरोखरच आरशासारखं दिसत होतं.

हेमलताबाईंनी चिपाडाच्या ढिगाशेजारचा एक दगड उचलून खांबावर मारला.

"अगं, पूजेचं हाय ते!"

"आवाज ऐकलास?"

"लोखंडाचा आवाज हाय. आणि कसला असणार?"

"हा पाइप आतून खाल्ला गेलाय, सुकू. आतलं काढून बाहेर बसवलंय. म्हणून चकाकतो. काहील पाण्यानं भर आणि उचलून बघ."

रस आटवणारा गुळव्या आणि चार गडी हातातलं काम सोडून ऐकत होते. सुकुमारच्या ते लक्षात आलं. "पाण्यानं? हंगामाच्या तोंडावर चुलवणावर पाणी सांडून ठेवू? लोक काय म्हणतील? उद्या नारळ फुटणार, पाहुणे येणार, आणि मी आज यारीची परीक्षा घेत बसू?"

"केंद्राला मी कळवलंय. ते उद्या येतील. कदाचित दुपारी येतील. तुझं पहिलं आधण, रसाची पहिली काहील, सकाळी आहे."

सुकुमारचा चेहरा उतरला आणि मग तांबडा झाला. "कळवलंस? मला विचारायच्या आधी? अक्का, गुऱ्हाळाला टाळं लागलं तर ऊस शेतात वाळेल. तुला हे गुऱ्हाळ काय, माझं काय, कशाचंच काही न्हाई. तुला तुझी गाडी."

"गाडी मी आधीच घालवली. तिला उद्या सील लागेल."

हे सुकुमारला माहीत नव्हतं. पण माघार घ्यायलाही जमेना. "मग उचलून दाखवतो मोकळी काहील. समाधान कर."

"मोकळी नको. भरलेली. पाणी नको म्हणतोस तर उद्या रसाची उचल. मी वाफ्याजवळ, यारीच्या हाताखाली उभी राहते. सकाळी सहाला येऊन उभी राहते. मला हलवायचं असेल तर उचलून बाजूला टाकावं लागेल, आणि तुझ्या पाहुण्यांसमोर टाकावं लागेल."

लहानपणापासून सुकुमारला हा आवाज ठाऊक होता. या आवाजात ती जे म्हणे ते करी. त्यानं मोटार चालू केली. पाण्याचा पाइप काहिलीत सोडला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

काहील भरायला वेळ लागला. भरल्यावर गुळव्यानं साखळदंड अडकवले. हेमलताबाईंनी सगळ्यांना लांब, चिपाडाच्या ढिगामागे नेलं. सुकुमारनं स्वतः कळ दाबली.

काहील हातभर वर आली. डुलली, स्थिर झाली. सुकुमारनं वळून बहिणीकडे बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात यारीचा आडवा हात खांबाशी दुमडला. मोठा आवाज झाला नाही. ओली काठी मोडावी तसा तो वाकला, आणि काहील एका बाजूला कलून वाफ्याच्या काठावर आदळली. पाण्याचा लोंढा गुऱ्हाळभर पसरला. ज्या फरशीवर आटलेला रस घोटायला माणसं उभी राहतात, तिथून तो चिखल घेऊन बाहेर गेला.

गुळव्यानं मोडलेल्या जागी जाऊन बघितलं. पाइपाची भिंत वहीच्या पुठ्ठ्याएवढी उरली होती. त्यानं पायातली चप्पल काढली आणि खांबाच्या माळेला हात लावून कपाळाला लावला.

सुकुमार भिजलेल्या पायांनी तिथेच उभा होता. "उद्या मी त्या काठाला असतो," तो म्हणाला. "पहिलं आधण मीच घोटतो दरवर्षी."

हेमलताबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू कुणाला दिलंस?"

"काय?"

"विरजण. माझ्याकडून नेलेलं. पुढे कुणाला दिलंस?"

सुकुमारनं मान खाली घातली. "मागितल्यावर न्हाई कसं म्हणायचं, अक्का? केर्ल्याच्या मेव्हण्याला दिलं, ट्रॉलीच्या हुकाला. शाळेत दिलं, पोरांच्या झोपाळ्याला."

"चल," हेमलताबाई म्हणाल्या. "आधी शाळा."

*

केंद्राच्या अधिकारी निशिगंधा आर्डे तिशीतल्या होत्या आणि कमी बोलत. पंधरा दिवसांत त्यांच्या माणसांनी मिरजेपासून शियेपर्यंतची साखळी शोधून काढली. दोन कारखान्यांतल्या कप्प्या, एक पाण्याची टाकी, शाळेचा झोपाळा. माणूस कुठे दगावला नव्हता. सुकुमारचं गुऱ्हाळ भाड्याच्या यारीवर, हंगाम अर्धा गेल्यावर का होईना, सुरू झालं.

दस्तगीरभाईंच्या गॅरेजचं सील निघालं त्या दिवशी आर्डे स्वतः आल्या. "वरच्या अंगावर तापवणी झालीय. त्यात आता काही जिवंत नाही, आणि लोखंड चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "सांगाडा मात्र भट्टीत जाईल. तो मी ठेवू देऊ शकत नाही."

"माहीत आहे."

"तुम्हाला दुसरा मार्ग आहे. वरचं अंग संग्रहालयाला देता येईल. ते मागतायत. या विरजणानं घडलेलं एवढं सुबक काम दुसरं नाही म्हणतात."

दस्तगीरभाईंनी अपेक्षेनं बाईंकडे बघितलं. हेमलताबाई गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. वेंगुर्ल्यापासून त्यांनी या गाडीचा चिमूटभर गंजही वाया जाऊ दिला नव्हता. तेच लोखंड, हा त्यांचा हट्ट होता, आणि परवान्याच्या अटीपेक्षा तो जुना होता. सुकुमारच्या गुऱ्हाळात पाणी वाहून गेल्यापासून मात्र तो त्यांना जड व्हायला लागला होता.

"संग्रहालयात गाडी कोण शिकणार?" त्या म्हणाल्या. "दस्तगीरभाई, बोल्ट खोला. अंग वर उचला. त्याच मापाच्या दोन तुळया नव्या पोलादाच्या करायच्या. आडवे आधारही नवे. दार बसत नाही ना? कानस मारा, बसेपर्यंत."

"बाई, मग ती हेराल्ड राहील का?"

"वळेल का तेवढ्याच जागेत?"

"वळंल. त्याची हमी माझी."

"मग घ्या करायला."

पहिला बोल्ट त्यांनी स्वतः धरला. तो हलेना, तेव्हा दस्तगीरभाईंनी पान्याला लांब नळी लावून दिली आणि दोघांनी मिळून तो फिरवला. माघ उजाडला तेव्हा हेराल्ड नव्या कण्यावर उभी होती. इंजिन उसाच्या स्पिरिटवर चालू झालं. रंग पांढरा दिला, कारण घाटातल्या धुक्यात तो लांबून दिसतो, असं रत्नमालानं सांगितलं होतं.

नोंदणी कार्यालयातला तरुण अधिकारी बाहेर आला तो गाडीभोवती दोनदा फिरला. अशी गाडी त्यानं फक्त चित्रात पाहिली होती. रत्नमाला मागच्या सीटवर बसली होती, दोन्ही हातांनी पुढची सीट धरून. शिकायला तिच्यामागे मैत्रिणींची रांग होती, पण नोंदणीला आज ती एकटीच सुट्टी टाकून आली होती.

"काकू, 'वारसा' तर बंद झालाय," अधिकारी म्हणाला. "चार महिने उशीर केलात. मला आता ही साध्या वर्गात घ्यावी लागेल." त्यानं हातातली पाटी पुढे केली आणि बॉनेट उघडून इंजिनाजवळच्या सालाच्या पट्टीकडे वाकून बघितलं. "निर्मितीचं साल एकोणीसशे एकोणसत्तर दिसतंय. तेच लिहू?"

"नको. कणा यंदाचा आहे, चालू साल लिहा."

तो सरळ उभा राहिला. "चालू साल लिहिलं तर एकसुद्धा सूट मिळणार नाही. ब्रेक, दिवे, वजन, उतार, सगळ्या चाचण्या नव्या गाडीच्या. जुन्या गाड्यांना त्या झेपत नाहीत. पहिल्या खेपेला कुणी पास झालेलं मी पाहिलं नाही."

"खेपा किती देता?"

"तसं बंधन नाही. पण..."

"मग पहिली कधी?" हेमलताबाईंनी विचारलं, आणि चावी फिरवून इंजिन चालू केलं.

अधिकाऱ्यानं पाटीवर बघितलं. "उद्या एक जागा रिकामी आहे. सकाळची. उताराची चाचणी."

"तीच द्या," मागच्या सीटवरून रत्नमाला म्हणाली.